स्नायूंनी नाकारलेली साखर लिव्हरच्या गळ्यात

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' दिसलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'पितोस का रे?' डॉक्टरांचाही संशय बरीच वर्षं तिकडेच जायचा. मग १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग यांनी २० पेशंट्सच्या बायॉप्सी मांडल्या, लिव्हर अगदी दारुड्याचं वाटावं असं पण पेशंट दारूवाले नाहीत, आणि त्याला 'नॅश' (नॉन-अल्कोहोलिक स्टिऑटोहेपॅटायटिस, म्हणजे दारूशिवाय चरबीने सुजलेलं लिव्हर) असं नाव दिलं.

दारू नाही तर ही चरबी येते कुठून, याचं एक उत्तर स्नायूंत आहे, पण स्नायूंची गोष्ट वेगळ्याच गल्लीत चालू होती. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये फिलिप रँडल यांनी मांडलं की स्नायू फॅट जाळायला लागले की साखर जाळणं कमी करतात. पुढे १९९० च्या दशकात एमआर स्पेक्ट्रोस्कोपी (एमआरआयच्याच तंत्राने पेशीत काय किती आहे ते मोजणं) आली, सुई न टोचता स्नायूच्या पेशीतली चरबी मोजता यायला लागली आणि दिसलं की जितकी ही चरबी जास्त तितकं इन्शुलिनला (रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या हार्मोनला) दाद देणं कमी. (गंमत म्हणजे मॅरेथॉन पळणाऱ्यांच्या स्नायूंतही चरबी भरपूर असते आणि त्यांचं इन्शुलिन झकास चालतं, कारण ती रोज वापरली जाते, नुसती साठून राहत नाही.)

दोन गल्ल्या नीट जुळल्या त्या येल विद्यापीठात. २००७ मध्ये पीटरसन आणि शुलमन यांच्या टीमने तरुण, सडपातळ लोकांना कार्बोहायड्रेटने भरलेलं जेवण दिलं, तर ज्यांचे स्नायू इन्शुलिनला जुमानत नव्हते त्यांच्यात साखर स्नायूत ग्लायकोजेन (साखरेचा साठवणीचा प्रकार) म्हणून साठण्याऐवजी लिव्हरकडे वळली आणि तिथे तिची चरबी बनण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. म्हणजे लिव्हर बिचारं शेजाऱ्याने न घेतलेलं पार्सल घेत बसलेलं! त्याच ग्रुपने २०११ मध्ये अशाच लोकांकडून एकदाच ४५ मिनिटं व्यायाम करून घेतला तर लिव्हरमधलं हे चरबी बनवणं साधारण ३० टक्क्यांनी उतरलं. मला तरी हा सगळ्यात पटणारा पुरावा वाटतो.

आपला संबंध इथे थेट येतो. २००४ मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! दोन वर्षांनी येलवाल्यांनीच दाखवलं की सडपातळ भारतीय पुरुषांच्या लिव्हरमध्ये तशाच गोऱ्यांच्या मानाने दुप्पट चरबी असते, त्यामुळे 'मी कुठे जाड आहे' म्हणून सुटका नाही.

बाण एकाच दिशेने जातो असंही नाही, बिघडलेलं लिव्हर रक्तात जादा फॅट सोडून स्नायूंनाही त्रास देतं. आता स्नायूंतल्या चरबीला 'मायोस्टिऑटोसिस' म्हणतात आणि ती बघायला बहुतेक वेळा कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचा सीटी स्कॅनचा काप घेतात, चरबी शिरलेला स्नायू त्यात काळपट दिसतो. पोटाचा सीटी काढला तर लिव्हरबरोबर हा कापही फिल्मवर आलेलाच असतो, फक्त रिपोर्टमध्ये त्याच्यावर सहसा एक ओळही नसते.