सागरी शीडशर्यत

सागरी शीडशर्यत : किनारा नजरेआड करून, दिवसरात्र न थांबता लांब पल्ल्यावर होणारी शीडनौकांची शर्यत. बंदरातल्या बोयांना (तरंगत्या खुणांना) वळसे घालून दोन-तीन तासांत संपणाऱ्या शर्यतींचा या नोंदीत विचार केलेला नाही. अंतर सागरी मैलांत मोजतात (१ सागरी मैल = १.८५२ किमी). सुरुवातीची आणि शेवटची रेषा ठरलेली असते. मधली वाट ज्याची त्याने वारा पाहून काढायची. गोव्याचा या क्रीडाप्रकाराशी संबंध दुहेरी आहे. कोचीहून येणाऱ्या शर्यतीचे ते मुक्कामाचे ठिकाण आहे आणि भारताच्या नामवंत सागरी शीडनौका मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर बांधल्या गेल्या.

उगमाविषयी एकमत नाही. डिसेंबर १८६६ मध्ये न्यू यॉर्कहून इंग्लंडच्या वाइट बेटापर्यंत ‘हेन्रिएटा’, ‘फ्लीटविंग’ आणि ‘व्हेस्टा’ या तीन स्कूनर (दोन किंवा अधिक डोलकाठ्यांच्या शीडनौका) पैजेवर धावल्या. नाताळच्या दिवशी ‘हेन्रिएटा’ पहिली पोचली. ‘फ्लीटविंग’वरचे सहा खलाशी समुद्रात वाहून गेले. अनेक संदर्भग्रंथ हीच पहिली सागरी शर्यत मानतात. परंतु ती धनिकांची पैज होती आणि नौका हाकणारे बहुतेक पगारी होते. छोट्या नौकेतून हौशी माणसांनी स्वतः समुद्र ओलांडावा ही कल्पना टॉमस फ्लेमिंग डे या अमेरिकन संपादकाने १९०६ मध्ये अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटापर्यंतच्या शर्यतीत प्रत्यक्षात आणली. त्या वर्षी अवघ्या तीन नौका उतरल्या होत्या. आजच्या खेळाचे रूप पाहता ही दुसरी तारीख अधिक सयुक्तिक वाटते. १९२५ ची, इंग्लंडहून निघून आयर्लंडजवळच्या खडकाला वळसा घालणारी फास्टनेट शर्यत (सात नौका, विजेती ‘जोली ब्रीझ’) तिच्याच परंपरेतली. दरवर्षी नेमाने होणाऱ्या शर्यतींत ऑस्ट्रेलियातली सिडनी–होबार्ट ही सर्वांत प्रसिद्ध. २६ डिसेंबरला सुटणाऱ्या या शर्यतीचे अंतर ६२८ सागरी मैल आहे. १९४५ मध्ये काही मित्रांनी आखलेल्या सहलीचीच ती शर्यत झाली. नऊ नौकांमधून पहिली आलेली जॉन इलिंगवर्थ यांची नौका ‘राणी’ या आपल्या ओळखीच्या नावाची होती.

कोकण किनाऱ्यावर वेगाला किंमत होती ती खेळासाठी नव्हे, डाकेसाठी आणि मालासाठी. येथील पत्तेमारी किंवा फत्तेमारी या गलबताच्या नावाबद्दलही वाद आहे. ‘फत्ते मारणारी’ ही फोड लोकांच्या तोंडी आहे आणि कानाला गोडही लागते. मात्र पोर्तुगीज कागदपत्रांत ‘पातामार’ हा शब्द आधी पायी धावणाऱ्या हरकाऱ्यासाठी येतो, नौकेसाठी नंतर. त्यामुळे तो कोकणीतल्या हरकाऱ्याच्या शब्दावरून आला असावा हे मत जास्त टिकाऊ दिसते. मलबार, गोवा, मुंबई ही या गलबतांची नेहमीची फेरी होती. आजच्या शर्यतीचा मार्ग त्यातलाच एक तुकडा आहे.

भारतीय नौदलाच्या शीडनौका संघटनेने २२ ते २६ नोव्हेंबर २०२२ या काळात कोची–गोवा शर्यत घेतली. तीत सहा नौका होत्या : ५६ फुटी ‘म्हादेई’ व ‘तारिणी’ आणि ४० फुटी ‘बुलबुल’, ‘नीलकंठ’, ‘कदलपुरा’ व ‘हरियाल’. अंतर सुमारे ३६० सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ६६७ किमी. नौदलाचे सागरी शीडनौकानयनाचे केंद्र पणजीसमोर मांडवीच्या उत्तर तीरावर, वेरे येथील ‘आयएनएस मांडवी’ तळावर आहे.

या मार्गाची अवघड बाजू नकाशावर दिसत नाही. कोचीहून गोव्याची सरळ दिशा उत्तरेच्या किंचित पश्चिमेला, होकायंत्रावर साधारण ३३७ अंश येते. पावसाळा सरल्यावर दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा बहुतेक वायव्येचा, म्हणजे जवळजवळ तोंडावरचा. कोणतीही शीडनौका वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. चांगली नौकासुद्धा त्याच्याशी ४५ अंशांच्या आसपास कोन राखते. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असे नागमोडी जावे लागते. संपूर्ण मार्ग असा काढायचा ठरल्यास ३६० मैलांचे ५०० हून अधिक होतील. सुटका रात्री होते. सूर्यास्तानंतर खारा वारा पडतो, शीड सैल होऊन फडफडते, डोलकाठीचे दोर निष्कारण खडखडतात. वारा कळावा म्हणून शिडावर चिकटवलेले लोकरीचे धागे लोंबकळत राहतात. सुकाणूवरचा माणूस विजेरीच्या उजेडात त्यांच्याकडेच पाहत बसलेला असतो. मग मध्यरात्रीच्या सुमारास ओल्या मातीचा आणि चुलीच्या धुराचा वास येतो आणि धागे एकेक करून आडवे होतात. हा मतलई वारा, जमिनीवरून येणारा. तो पूर्वेचा किंवा ईशान्येचा असल्याने बाजूवर मिळतो आणि नौका सरळ गोव्याच्या दिशेने पळते. पत्तेमारीवरचे तांडेल (गलबताचे म्होरके) हेच करीत : मतलईवर बाहेर पडायचे, खाऱ्या वाऱ्यावर आत यायचे.

परंतु मतलई किनाऱ्यापासून जसे दूर जावे तसा मरत जातो, आणि प्रवाह बाहेर आहे. हिवाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो. नैऋत्य मोसमी पावसात तो दक्षिणेकडे असतो. हिवाळी प्रवाहाचा जोर किनाऱ्याला लागून नव्हे, तर खंडान्त उताराच्या आसपास, खोल पाण्याच्या कडेला जास्त असतो. अर्धा नॉट (तासाला अर्धा सागरी मैल) धरला तरी चोवीस तासांत बारा मैलांची ही फुकटची चाल आहे. किनारा धरून रात्रीचा वारा घ्यायचा, की बाहेर राहून प्रवाह घ्यायचा? या शर्यतीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा प्रवाह वाऱ्याच्या उलट का वाहतो, यावर दीर्घ चर्चा झाली आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे (स्थापना १९६६) सतीश शेट्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले, की किनाऱ्याला समांतर असलेला दाबाचा उतार येथे वाऱ्याच्या ताणावर मात करतो. दक्षिणेकडचे पाणी कमी खारट, हलके आणि किंचित उंच असते. ते उत्तरेकडे ओढले जाते. दुसऱ्या मतानुसार खरे कारण दूर आहे. बंगालच्या उपसागरावरच्या वाऱ्यांनी उठलेल्या, किनाऱ्याला चिकटून जाणाऱ्या अतिदीर्घ लाटा पूर्व किनारा आणि श्रीलंका यांना वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर येतात आणि प्रवाह फिरवतात. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. तथापि स्थानिक वारा न बदलताही प्रवाह बदलतो, या निरीक्षणाचा उलगडा दुसऱ्या मताने अधिक नीट होतो. खलाशाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की गोव्यासमोरचे पाणी कुठे वाहील हे काही अंशी विशाखापट्टणमच्या बाजूला ठरते.

निकाल नुसत्या पहिल्या येण्यावर लागत नाही. शिडावर चालणाऱ्या जड नौकेची कमाल चाल तिच्या पाणरेषेच्या (पाण्याच्या पातळीवरील नौकेच्या) लांबीवर अवलंबून असते : फुटांतल्या लांबीचे वर्गमूळ गुणिले १.३४ म्हणजे नॉटमधला अंदाजी वेग. पाणरेषा ३६ फूट असेल तर सुमारे ८ नॉट, ४९ फूट असेल तर सुमारे ९.४. मोठ्या नौकेचा हा नैसर्गिक फायदा काढून टाकण्यासाठी प्रत्येक नौकेला गुणांक देतात आणि लागलेला वेळ त्याने गुणतात. समजा १.००० गुणांकाची छोटी नौका ८० तासांत आली आणि १.१२० ची मोठी ७२ तासांत. मोठीचा सुधारित वेळ ८०.६४ तास होतो आणि आठ तास मागून आलेली छोटी जिंकते.

धोके मोठे आहेत. १९७९ च्या फास्टनेटमध्ये १५ स्पर्धकांनी प्राण गमावले. १९९८ च्या सिडनी–होबार्टमध्ये सहा जण गेले, ११५ पैकी ४४ नौकाच पोचल्या. अरबी समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे दिवस. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस आलेल्या ‘ओखी’ने दक्षिणेतल्या मच्छीमारांचे किती बळी घेतले ते किनारा विसरलेला नाही. नेहमीचा उपद्रव मात्र जाळ्यांचा. रात्री पसरलेली जाळी सुकाणूच्या पात्यात अडकली, तर चाकू घेऊन कोणालातरी पाण्यात उतरावे लागते.

गोव्याचे स्वतःचे देणे नौकाबांधणीचे. दिवाडीवरच्या ॲक्वेरियस कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ बांधली. ती १२ फेब्रुवारी २००९ रोजी नौदलात आली. आराखडा व्हॅन डी स्टाट या डच संस्थेचा. सीडरच्या पट्ट्या एकमेकींना जोडून केलेला लाकडी गाभा आणि त्यावर फायबरग्लासचे आवरण अशी तिची काया आहे. मांडवीचे वरच्या अंगाचे नाव तिला दिले. ‘मांडवी’ हे नाव जकात घेण्याच्या जागेवरून आले असावे असे काही जण मानतात. मराठीत मांडवीचा तो अर्थ आहेच. या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तशी करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच कुठेही न थांबता पुरी केली. केपटाउन–रिओ शर्यतीतही ‘म्हादेई’ उतरली आहे. तिची बहीण ‘तारिणी’ (१८ फेब्रुवारी २०१७) सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाली आणि २१ मे २०१८ रोजी परतली. ‘थुरिया’ही दिवाडीचीच : एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या, मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहेली’ची प्रतिकृती. २०१८ च्या, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात तिची डोलकाठी मोडली आणि ती हाकणारे टॉमी जबर जखमी झाले. पुढच्या खेपेस, दुसऱ्या नौकेतून, ते दुसरे आले.

पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या उपसागरात, वाळूचा बांध चढतो आणि ती वाट बंद होते. तेव्हा कुंभारजुवेच्या खाडीतून जुवारी गाठावी लागते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळत जातो, बांध हळूहळू विरतो आणि खोल पठाणाच्या (तळाच्या कण्याच्या) नौका भरतीची वेळ साधून पुन्हा बाहेर काढता येतात.