ढालकिड्याचे चौदा काप

डिसेंबरात निफाडकडच्या द्राक्षबागेत पहाटे गेलं की पानं दवानं ओलीगच्च असतात आणि एखाद्या पानाच्या कडेला ढालकिडा पाय पोटाशी घेऊन बसलेला सापडतो. मावा आणि पिठ्या ढेकूण फस्त करणारा हा बागायतदाराचा मित्र. कीटकांचं अंग हवेसोबत गार होतं, त्यामुळे ऊन लागेपर्यंत तो जागचा हलत नाही. स्टॅकिंगला, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस करून काढलेले अनेक फोटो जोडून एक स्पष्ट फोटो करायला, एवढाच वेळ मिळतो.

मॅक्रो लेन्समधून, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्समधून, समोरून पाहा. डोळा स्वच्छ दिसतो तेव्हा पाठीवरचे ठिपके धुरकट; ठिपके धरले की डोळा गेला. किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटवला, म्हणजे १:१, आणि लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ ५.६ ठेवलं, तर एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो. तोंडापासून पाठीच्या फुगवट्यापर्यंतचं अंतर मात्र चार मिलिमीटर.

मग छिद्र बारीक करावं, म्हणजे थर जाड होईल, हे सगळ्यांनाच सुचतं. एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक. मीही एफ २२वर भरपूर फोटो काढले. सगळं दिसत होतं, पण धार कशालाच नव्हती. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात. त्यात १:१ इतक्या जवळून एफ २२ हे एफ ४४सारखं वागतं. तिथे एका बिंदूचा ठिपका सुमारे ०.०६ मिलिमीटरचा होतो आणि पिक्सेल असतो ०.००४ मिलिमीटरच्या आसपास. एक बिंदू चौदा-पंधरा पिक्सेलवर फासला गेला, तर डोळ्यातली बारीक जाळी दिसणार कुठून?

म्हणून छिद्र एफ ५.६वरच ठेवायचं आणि किड्याचे काप घ्यायचे. पहिला फोटो तोंडावर, मग प्रत्येक वेळी ०.३ मिलिमीटर मागे. थर एकमेकांवर थोडे चढलेच पाहिजेत, नाहीतर मध्ये धूसर पट्टा राहतो. असे चौदा फोटो. हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर हे सॉफ्टवेअर आधी सगळे फोटो एकावर एक नीट बसवतं, कारण फोकस सरकला की चित्राचा आकारही किंचित बदलतो. मग प्रत्येक जागी शेजारच्या पिक्सेलमधला फरक कोणत्या फोटोत सर्वांत जास्त आहे ते पाहून तेवढा भाग उचलतं.

सुरुवात मनुक्यावर करा. सुरकुत्या खोल असतात, चूक लगेच दिसते आणि मनुका पळत नाही. ट्रायपॉड लागतोच. शटर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हातानं पक्के करा. फ्लॅशपुढे बटर पेपर धरा, नाहीतर चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडतो. कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग, म्हणजे फोकस आपोआप थोडाथोडा सरकवत फोटो काढायची सोय, असेल तर उत्तम. नसेल तर रेल, म्हणजे कॅमेऱ्याखालची सरकती पट्टी, घेऊन कॅमेराच सरकवायचा.

पान जरा थरथरलं की एका मिशीच्या तीन मिशा होतात. म्हणून काहीजण किडा फ्रिजमध्ये ठेवतात, मारतातही. मला ते अजिबात पटत नाही. नाशिकची थंडी तेच काम फुकट करते, आणि किडा नंतर आपल्या वाटेनं जातो.

मागच्या खेपेला अकरावा फोटो झाला आणि पानावर ऊन आलं. ढाल मधोमध उघडली, खालचे घडी घातलेले पातळ पंख बाहेर आले आणि किडा उडाला. अकराच काप जुळवले. डोळे, तोंड, मिशांची टोकं लख्ख आली. पाठीचा वरचा भाग धुक्यात राहिला.