युरियाची गोळी चिखलात का खोचायची?

भाताची लावणी आटोपली की युरिया फोकायचा, ही आमच्याकडची सवय. सकाळी फोकलेला युरिया दुपारच्या सरीत बांधावरून खालच्या खाचरात आणि तिथून व्हाळात जाताना मी लहानपणापासून बघत आलो आहे. पाण्याबरोबर जातो तो निदान कळतो. हवेत उडतो तो कळतही नाही.

खाचरातल्या चिखलाला दोन थर असतात. वरच्या काही मिलिमीटरांत प्राणवायू असतो, त्याखाली जवळजवळ नसतोच. फोकलेल्या युरियाचं आधी अमोनियम होतं. पाण्यातलं शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि अमोनियमचा अमोनिया होऊन उडून जातो. उरलेल्याचं वरच्या थरातले जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवत नाहीत. ते खाली उतरतं आणि तिथले जिवाणू त्यातला प्राणवायू वापरून नत्र वायूच्या रूपात सोडून देतात. पैसे मोजून आणलेलं खत असं तीन वाटांनी जातं.

म्हणून खत आधीच खालच्या थरात पोचवायचं. तिथे अमोनियमचं नायट्रेट होत नाही, ते चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतं आणि मुळं लागेल तसं उचलतात. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री, म्हणजे चार सूत्रांच्या भातलागवडीचं हेच मर्म आहे. रोपं 15 आणि 25 सेंटीमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर, एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीनच लावायची. गर्दी नसली की फुटवे भरपूर येतात. लावणीच्या दिवशीच जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरद देणारं खत) यांची 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचायची. हेक्टरी 62,500 गोळ्या, म्हणजे सुमारे 170 किलो खत. वाकून वाकून गोळ्या खोचणं कष्टाचं आहे, आणि तेही बहुधा बायकांच्याच वाट्याला येतं. माणसं मिळत नाहीत अशा गावात ही अडचण खरी आहे.

आणखी एक सूत्र गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) पाल्याचं. बांधावरच वाढणारं हे नत्रयुक्त हिरवळीचं खत.

मला सर्वांत भावतं ते राखेचं सूत्र. आमची जमीन जांभ्या खडकाची. तो तयार होताना पावसाने युगानुयुगे खडकातली सिलिका धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं. आणि भात तर सिलिकेचा भुकेला. 2006 साली जपानी संशोधकांनी भाताच्या मुळांत सिलिका आत घेणारं जनुकही शोधलं. पात बोटाला कापते ती सिलिकेमुळे. तिच्यामुळे काडी ताठ राहते, करपा रोग आणि खोडकिडा यांना आत शिरणं अवघड जातं. पिकाने उचललेली ही सिलिका तुसातही असते. तूस जाळून काळी राख तरव्याच्या (रोपांच्या) वाफ्यात मिसळली की ती परत मिळते. राख काळीच हवी. जास्त जळून पांढरी पडली तर सिलिकेचे स्फटिक होतात आणि ती रोपाला सहज मिळत नाही.

गोळी खोचल्यावर बोटाचं भोक मात्र चिखलाने बुजवावं. उघडं राहिलं तर तिथूनच नत्र वरच्या पाण्यात येतं.