मोठ्या बाटलीत वाइन सावकाश का मुरते

एकाच बागेतली द्राक्षं, एकच हंगाम, एकच पिंप. त्यातली थोडी वाइन नेहमीच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत भरली, थोडी दीड लिटरच्या, म्हणजे मॅग्नममध्ये, आणि दोन्ही बाटल्या तळघरात शेजारी शेजारी ठेवल्या. पंचवीस-तीस वर्षांनी उघडल्या तर मॅग्नममधली वाइन बहुधा तरुण निघते. तिचा रंग गडद असतो, फळांचा गंध शाबूत असतो आणि टॅनिनचा, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतून उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणाही अजून जाणवतो. मोठ्या बाटलीसाठी जादा पैसे मोजायचे ते यासाठी. टेबलावरचा दिमाख दुय्यम.

याचं मूळ बुचापाशी आहे. वाइनला मुरायला ऑक्सिजन लागतो, पण अगदी थोडा. त्याच्या मदतीने टॅनिन आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि त्यातले काही गाळ होऊन तळाशी बसतात. ऑक्सिजन जास्त झाला की राखणीला घातलेला सल्फर डायऑक्साइड संपतो, मग गंध विटतो आणि रंग तपकिरी होतो. हा ऑक्सिजन काही अंशी भरतानाच वाइनमध्ये विरघळतो, काही बुचाखालच्या मोकळ्या जागेत असतो आणि काही खुद्द बुचातून येतो. बूच म्हणजे बहुतांशी हवाच. साधारण २४ मिलिमीटर व्यासाचं बूच दाबून जेमतेम साडेअठरा मिलिमीटरच्या मानेत बसवतात, आणि त्यात कोंडलेली हवा पुढचे काही महिने हळूहळू आत झिरपते. त्यानंतर वर्षानुवर्षं अत्यल्प ऑक्सिजन आत जात राहतो.

मॅग्नमची मान साधारण नेहमीच्या बाटलीएवढीच असते आणि बूचही त्याच मापाचं. म्हणजे बुचातून येणारा ऑक्सिजन तेवढाच, पण वाइन दुप्पट. प्रत्येक लिटरच्या वाट्याला तो निम्माच येतो. मात्र भरतानाच विरघळलेला ऑक्सिजन बाटली मोठी केल्याने कमी होत नाही, आणि मॅग्नमपेक्षा मोठ्या बाटल्यांची मानही रुंद होत जाते. म्हणून सहा लिटरच्या बाटलीतली वाइन आठपट सावकाश मुरेल, असं सरळ गणित मांडता येत नाही. माझ्या मते सर्वांत मोठा फायदा पहिल्याच पायरीवर, मॅग्नममध्ये, पदरात पडतो.

दुसरं कारण नेहमी सांगितलं जातं ते तापमानाचं. आकारमान दुप्पट झालं तरी पृष्ठभाग साधारण १.६ पटच वाढतो, त्यामुळे मोठ्या पातेल्यातल्या पाण्यासारखी मोठी बाटली उशिरा तापते आणि उशिरा निवते. हे खरं आहे, पण त्याला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं जातं. दिवसरात्रीचा चढउतार ती काहीसा सोसेल. उन्हाळाभर गरम राहणाऱ्या खोलीत मात्र एका दिवसात मॅग्नमही खोलीइतकीच तापलेली असेल. बारा-तेरा अंशांच्या स्थिर तळघराला आकार हा पर्याय नाही. उलट उष्णतेत मोठ्या बाटलीला जास्त धोका असतो. वीस अंशांनी तापली तर नेहमीच्या बाटलीतली वाइन पाचेक मिलिलिटर फुगते आणि मॅग्नममधली त्याच्या दुप्पट, मान मात्र तेवढीच. बूच वर सरकतं, कडेने वाइन पाझरते, आणि थंड झाल्यावर त्याच वाटेने हवा आत शिरते. जुनी मॅग्नम घेताना पातळी मानेत आहे की खांद्यापर्यंत उतरली आहे, आणि बुचाभोवती चिकट डाग आहे का, हे आधी पाहावं.

फसफसणाऱ्या शॅम्पेनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे दुसरं किण्वन, म्हणजे वाइन पुन्हा आंबणं, बाटलीतच होतं आणि आत पाच-सहा वातावरणांइतका दाब तयार होतो. दाब तोच असला तरी बाटलीची त्रिज्या वाढली की काचेवरचा ताण वाढतो, म्हणून काच जाड लागते. शॅम्पेनच्या नियमांनुसार अर्ध्या बाटलीपासून तीन लिटरच्या जेरोबोमपर्यंतची वाइन ज्या बाटलीत तयार झाली त्याच बाटलीत विकावी लागते. त्याहून मोठ्या बाटल्या बहुतेक उत्पादक लहान बाटल्यांतली तयार शॅम्पेन ओतून भरतात. ओतताना थोडा वायू जातो आणि थोडी हवा लागते. म्हणून मुरवण्यासाठी शॅम्पेन घ्यायची तर मॅग्नम किंवा फार तर जेरोबोम. वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साइडही बुचातून निसटत असतो. रॅंस विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर यांच्या गटाने जुन्या शॅम्पेनमधला वायू मोजून दाखवलं आहे की मोठी बाटली तो जास्त काळ धरून ठेवते.

खरेदीत नावावर जाऊ नये, लिटर वाचावेत. फ्रान्सच्या शॅम्पेन आणि बर्गंडी प्रांतांत जेरोबोम म्हणजे तीन लिटर, बोर्दो प्रांतात आधी साडेचार आणि पुढे पाच. बोर्दोतल्या सहा लिटरच्या इंपीरियलला शॅम्पेनमध्ये मेथुसेला म्हणतात. बोर्दोत वाइन पिंपात असतानाच आगाऊ विकली जाते आणि तेव्हाच आकार मागता येतो. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण बाटली थेट शॅतोतून, म्हणजे वाइन बनवणाऱ्याच्या वाड्यातून, येते. बर्गंडीत रोमाने-कोंतीची सगळी बागच १.८ हेक्टरची, तिथे मोठ्या बाटल्या मुळातच थोड्या. बोर्दोतल्या पोइयाकची काबेर्ने, पिएमोंतेची बारोलो, मोझेलची आंबट-गोड रीसलिंग, सालाची नोंद असलेली शॅम्पेन यांना मोठी बाटली शोभते. नव्या बोजोलेसारखी लगेच प्यायची वाइन मोठ्या बाटलीत घेऊन तिच्या चवीत काही भर पडत नाही.

एक जोखीम पक्की लक्षात ठेवावी. बुचातल्या ट्रायक्लोरोअनिसोल या रसायनाचे लिटरमागे काही नॅनोग्रॅमही वाइनला कुबट वास आणतात. इंपीरियलला असं एक बूच लागलं की आठ बाटल्यांची वाइन एकदम गेली.

दुसरी जोखीम बनावट बाटल्यांची. मोठ्या जुन्या बाटल्यांना लिलावात प्रचंड भाव मिळतो. १९४५ सालच्या शॅतो मूतोंची एक जेरोबोम २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ३,१०,७०० डॉलरना गेली. एवढ्या भावापायी खोट्या बाटल्याही बाजारात येतात. बोर्दोचे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप उबेर यांनी बाटली न उघडता तपासायची एक पद्धत काढली. अणुस्फोटांमुळे १९४५ नंतर हवेत पसरलेलं सीझियम-१३७ द्राक्षांत उतरलं, आणि त्याचे गॅमा किरण काचेबाहेर मोजता येतात. १९२१ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत ते सापडलं, तर आतली वाइन १९२१ ची नाही. सापडलं नाही म्हणून मात्र ती खरी ठरत नाही, कारण दुसरीच एखादी स्वस्त पण तितकीच जुनी वाइन आत असू शकते. अशा वेळी मालकीची अखंड कागदपत्रं मागावीत, आणि त्या साली त्या आकाराच्या बाटल्या भरल्या होत्या का, हे शॅतोच्या नोंदींतून पडताळून घ्यावं.