खुले आणि बंदिस्त नवप्रवर्तन (लघु व मध्यम उद्योगांतील)

नवे उत्पादन किंवा नवी कार्यपद्धती घडवण्यासाठी लागणारे ज्ञान आपल्याच चार भिंतींत तयार करायचे आणि तिथेच जपायचे, या रीतीला बंदिस्त नवप्रवर्तन म्हणतात. ग्राहक, पुरवठादार, संशोधनसंस्था, प्रसंगी स्पर्धक यांच्याकडून ज्ञान घ्यायचे आणि आपल्याकडचे परवान्याने वा भागीदारीने बाहेर द्यायचे, ते खुले नवप्रवर्तन. ही संकल्पना अमेरिकी अभ्यासक हेन्री चेसब्रो यांनी २००३ मध्ये रूढ केली. त्यांच्यासमोर झेरॉक्ससारख्या बड्या कंपन्या होत्या. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत जन्मलेल्या अनेक कल्पनांवर धंदा उभा केला तो बाहेरच्यांनी.

लहान कारखान्याकडे प्रयोगशाळाच नसते. तिथले संशोधन ऑर्डरीच्या धबडग्यात, मेस्त्रीच्या हाताखाली होते आणि बाहेरून शिकल्यावाचून त्याचे पान हलत नाही. नेदरलँड्समधील ६०५ लघु व मध्यम उद्योगांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही खुलेपणामागचे मुख्य कारण ग्राहकाची गरज भागवणे आणि स्पर्धेत टिकणे हेच आढळले. भारतात १ एप्रिल २०२५ पासून १२५ कोटी रुपयांची गुंतवणूक आणि ५०० कोटींची उलाढाल इथपर्यंतचा उद्योग ‘मध्यम’ ठरतो. दहा माणसांच्या वर्कशॉपला आणि अशा उद्योगाला एकच सल्ला देणे चुकीचे आहे.

नाव नवे असले तरी रीत जुनी आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये तांब्या-कथिलाच्या खाणींतले पाणी उपसायला वाफेची इंजिने लागत आणि कोळसा वेल्समधून आणावा लागे. जेम्स वॉट यांचे पेटंट १८०० पर्यंत चालले. तोवर वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा खाणमालक स्वामित्वशुल्क म्हणून देत. पुढे १८११ पासून जोएल लीन यांच्या देखरेखीखाली दरमहा अहवाल निघू लागला. कोणते इंजिन किती कोळशात किती पाणी उपसते, हे सर्वांना उघड दिसू लागले. चांगल्या रचनेची नक्कल सगळ्यांना मोकळी होती आणि काही दशकांत इंजिनांची सरासरी कार्यक्षमता तिपटीहून अधिक वाढली.

उसाचे चरक आणि ऑइल इंजिन यांच्या कामातून वाढलेला कोल्हापूरचा फाउंड्री उद्योग, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून सुटे भाग बनवण्याचा धंदा, हे आपल्याकडचे बोलके उदाहरण. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात कारागीर एका फाउंड्रीतून दुसरीत जातो, त्याच्याबरोबर वाळूचे मिश्रण आणि भट्टीचे अंदाजही जातात. वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा सामायिक प्रकल्पही इथे आहे. असे काम एकट्याला झेपणारे नसते.

मात्र नुकसान होते ते याच मोकळ्या वाटेने. पॅटर्नचे, म्हणजे ज्याचा ठसा वाळूत उठवून साचा करतात त्या नमुन्याचे, पैसे बहुधा ग्राहकाने दिलेले असतात, म्हणून पॅटर्न त्याच्या मालकीचा. वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात कुठून शिरावा, रायझर (जादा रस साठवणारी जागा) कुठे असावा, म्हणजे धातू आक्रसताना आत पोकळी राहणार नाही, हे शोधायला फाउंड्रीवाल्याने कित्येक नग भंगारात घातलेले असतात. रस आत नेणाऱ्या या वाटांची रचना, म्हणजे गेटिंग, पॅटर्नच्या प्लेटवरच बसवलेले असते. उद्या ग्राहकाने पॅटर्न उचलून शेजारच्या फाउंड्रीत नेला, की ही सारी मेहनतही टेम्पोत बसून जाते. ग्राहक असलेल्या बड्या कंपनीच्या दृष्टीने हे खुले नवप्रवर्तन. छोट्याच्या दृष्टीने ते फुकट गेलेले संशोधन.

पेटंटचा आधार इथे तोकडा पडतो. भारतात ते २० वर्षे टिकते, पण त्यासाठी शोधाचा तपशील जाहीर करावा लागतो आणि कारखान्याच्या आत चाललेल्या प्रक्रियेची नक्कल पकडणे जवळपास अशक्य असते. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, भिस्त करारावर. म्हणून गेटिंगच्या विकासाचा खर्च कोणाचा आणि पॅटर्न परत नेताना ते काढून ठेवण्याचा हक्क कोणाला, हे कोटेशन देतानाच लिहून घेणे छोट्या फाउंड्रीला सर्वांत जवळचे आणि स्वस्त संरक्षण आहे.