10 बकऱ्यांच्या वर्षात 40 होतात का?

"10 बकऱ्या घ्या, वर्षात 40 होतील" हा मेसेज गावोगावी फिरतो. धंदा सुरू करण्याआधी हिशेब कॅलेंडरवर मांडून पाहा. गाभणकाळ 5 महिने, व्याल्यावर पुन्हा फळायला दोन-तीन महिने. म्हणजे दोन वर्षांत साधारण तीन वेतं, वेताला एक-दोन पिल्लं. गाभण नसलेल्या बकऱ्या आणल्या तर पहिल्या वर्षी बहुधा एकच वेत: 15च्या आसपास पिल्लं, तीही मरतूक वजा न करता.

खरी अडचण चाऱ्याची. बकरीमागे रोज किलोभर कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) धरलं, तरी फेब्रुवारी ते मे 12 क्विंटल लागतं. सोयाबीन-तुरीचं कुटार मळणीलाच भरून ठेवा; उन्हाळ्यात विकत घेतलं की नफा तिथंच जिरतो. पहिली विक्री वर्षभरानंतर, तोवरचा घरखर्च वेगळा काढा.