वायवीय हातोडा : गोव्यातील वापर आणि सुरक्षितता

वायवीय हातोडा : संपीडित हवेच्या दाबाने सिलिंडरमधला दट्ट्या वरखाली फेकून छिन्नीवर घणासारखे घाव घालणारे हत्यार. बोलण्यात कुणी याला ब्रेकर म्हणतो, कुणी जॅकहॅमर; काटेकोर पाहिले तर ही दोन यंत्रे निराळी. ब्रेकरची छिन्नी फिरत नाही, नुसती ठोकते. खडकाला भोक पाडणाऱ्या जॅकहॅमरची सळई दर घावागणिक थोडी फिरते. याच कुळातला चिपिंग हॅमर वेल्डिंगची मळी किंवा गंज खरवडायला वापरतात, आणि नीडल गनच्या तोंडाशी छिन्नीऐवजी पोलादी सुयांचा जुडगा असतो. रस्त्यावरचा ब्रेकर साधारण 15 ते 40 किग्रॅ. वजनाचा असतो, 6 ते 7 बार दाबाच्या हवेवर चालतो आणि मिनिटाला हजारावर घाव घालतो.

यंत्राचा जन्म बोगद्यातला. आल्प्समधल्या फ्रेझ्यूस बोगद्यात जेर्मां सॉमेयेर या अभियंत्याने 1861 पासून हवेवर चालणारी ड्रिले लावली आणि 1871 मध्ये तो बोगदा वाहतुकीला खुला झाला. हवा निवडण्यामागे एक कारण असेही होते, की यंत्रातून बाहेर पडणारी हवा आतल्या माणसांना श्वासाला मिळे. वाफेच्या यंत्राने ते जमले नसते.

गोव्यात हा हातोडा लोकांना दिसतो तो पणजी-मडगावच्या खोदलेल्या रस्त्यांवर. तो सर्वांत कठोरपणे वापरला जातो ती जागा मात्र रस्त्यावरून दिसत नाही. खनिज वाहणाऱ्या बार्ज मांडवी आणि जुवारीच्या काठावरच्या गोद्यांत दुरुस्तीला येतात, तेव्हा त्यांच्या पोटात शिरून गंज आणि जुना रंग खरवडावा लागतो. सत्तरीतल्या बेसॉल्टच्या आणि काणकोणकडच्या ग्रॅनाइटी खडकात सुरुंगाची भोके पाडायला जॅकहॅमर लागतो. खाणपट्ट्यात माथ्यावरचा कठीण जांभा आणि सुटे धोंडे फोडायलाही तो येतो. चिरेखाणीत मात्र हातोडा नव्हे, पाती असलेली कापणी यंत्रे चालतात, तेव्हा ‘गोव्यात दगड म्हणजे चिरा’ (जांभ्याचा कापीव दगड) हा बाहेरच्या माणसाचा समज इथे कामाचा नाही.

माणसाचे लक्ष साहजिकच छिन्नीच्या टोकाकडे असते. या हत्याराचे बहुतेक धोके मात्र दुसऱ्या टोकाला आहेत : होझ पाइपात, मुठीत, कानात आणि फुप्फुसात.

पाइपापासून सुरुवात करू. 19 मिमी. आतील व्यासाच्या पाइपाचा जोड 7 बार दाबाला सुटला, तर सुटलेल्या तोंडावर सुमारे 20 किलोचा रेटा येतो आणि पाइप डिवचलेल्या सापासारखा फिरतो. टोकाला लोखंडी कपलिंग असेल तर ते लागलेल्या जागेचे हाड मोडते. दोन नखांच्या कपलिंगमध्ये अडकपिन घालावी लागते, कारण घावांच्या हादऱ्याने ते आपोआप वळून सुटू शकते. प्रत्येक जोडावर पोलादी दोराचा फास घालावा, म्हणजे जोड सुटला तरी पाइप उसळत नाही. पिनेच्या जागी खिळा आणि क्लॅम्पच्या जागी बाइंडिंगची तार हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे, की ते खटकेनासे झाले आहे. अर्धा इंचाहून मोठ्या पाइपाला हवेच्या उगमाशी असा वॉल्व्ह असावा, जो पाइप फुटताच दाब खाली आणतो. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत तो सक्तीचा आहे.

हत्यार बदलायचे असेल तर क्रम एकच : कॉम्प्रेसरकडचा वॉल्व्ह बंद करायचा, ट्रिगर दाबून पाइपातली उरलेली हवा सोडायची, मग जोड काढायचा. पाइप दुमडून हवा अडवणे ही युक्ती जवळजवळ प्रत्येक कामावर दिसते. ती मूठ निसटली की सगळा दाब एकदम सुटतो. तसेच दुपारी जेवायला बसताना हवेच्या झोताने कपडे झाडणे. संपीडित हवा कातडीच्या जखमेतून रक्तात गेली तर जीव जाऊ शकतो, डोळ्यात गेली तर डोळा. गमतीने दुसऱ्याच्या अंगावर हवा सोडण्याचे परिणाम तर लिहिण्यासारखेही नाहीत. गोदीत आणखी एक पथ्य पाळावे लागते : शेजारी कटिंगचे ऑक्सिजन सिलिंडर उभे असतात, पण हवा कमी पडली म्हणून हातोड्याला ऑक्सिजन कधीही जोडायचा नाही. हातोड्यात वंगणाचे तेल असते आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की स्फोट होतो.

छिन्नी जागेवर धरून ठेवणारा रिटेनर ढिला असेल तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून टोक दगडाला टेकल्याशिवाय ट्रिगर दाबू नये. मोकळे घाव रिटेनरला सर्वांत लवकर खातात. यंत्रावर अंग टाकून रेटू नये, त्याचे वजनच काम करते. कडेपासून एक वीत अंतराने तुकडा सोडवत जावे. मध्येच खोल घुसवलेली छिन्नी अडकते, आणि मग ती उपसताना कंबर जाते. जांभ्यात एक खास गोव्याची खोच आहे. वरचा थर काळा, कठीण, तापलेल्या तव्यासारखा. त्याखाली अचानक मऊ, पांढरट-गुलाबी माती लागते. छिन्नी एकदम आत जाते आणि मागचा माणूस तिच्याबरोबर तोल जाऊन पुढे येतो. म्हणून पाय फाकवून, यंत्र पोटाला किंवा मांडीला न टेकवता उभे राहायचे. शहरात तर ठोकण्याआधी खाली वीजवाहिनी आणि पाण्याचा नळ कुठून गेला आहे हे संबंधित खात्याकडून समजून घ्यावे लागते. नकाशावरची रेघ आणि जमिनीतली केबल यांत अंतर असते, म्हणून शेवटची वीतभर माती हाताने काढणे बरे. दगडखाणीत उडालेल्या सुरुंगाच्या उरलेल्या भोकात पुन्हा सळई घालायची नाही, तळाशी न पेटलेली दारू असू शकते.

मुठीतून येणारे कंपन हा सर्वांत गैरसमजाचा भाग. बोटे पांढरी पडण्याच्या विकाराचे वर्णन फ्रेंच वैद्य मोरिस रेनो यांनी 1862 मध्ये केले. त्याचा हवेच्या हातोड्याशी असलेला संबंध अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी 1918 मध्ये इंडियानातल्या चुनखडी घडवणाऱ्या कामगारांना तपासून मांडला. थंडीत त्यांची बोटे खडूसारखी पांढरी होत. गोव्यात मात्र अशी थंडी नाही, आणि उष्ण प्रदेशातल्या कामगारांत बोटे पांढरी पडणे क्वचितच आढळते. इथे आधी येतात त्या मुंग्या, बधिरपणा, रात्री दुखणारे मनगट, शर्टाचे बटण लावताना होणारी तारांबळ. कामगार म्हणतो, ‘हाताला वात धरलाय,’ आणि तेल चोळतो. डिसेंबरात पहाटे मोटरसायकलवरून कामाला जाताना बोटे थिजतात असे कुणी सांगितले, तर ते ऐकून सोडून देऊ नये. मोटरसायकलची मूठही थरथरतेच, पण हातोड्यापुढे ती काहीच नाही.

कंपनाचा हिशेब वेळेवर बसतो. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशानुसार आठ तासांच्या दिवसाला मर्यादा 5 मीटर प्रतिसेकंद वर्ग आहे आणि उपाय सुरू करण्याची पातळी 2.5. कंपन 12 असलेला ब्रेकर घेतला तर खालची पातळी सुमारे 21 मिनिटांत गाठली जाते आणि वरची मर्यादा 83 मिनिटांत. ही मिनिटे ट्रिगर प्रत्यक्ष दाबलेल्या वेळेची. म्हणजे दोघांनी आळीपाळीने काम करणे ही चैन नव्हे, साधे गणित आहे. स्प्रिंगवर बसवलेल्या मुठीचा ब्रेकर, धारदार छिन्नी आणि सैल पकड यांनी खरा फरक पडतो. ‘अँटी-व्हायब्रेशन’ हातमोजे मात्र ब्रेकरच्या मंद, जड कंपनाला फारसे अडवत नाहीत. ते कातडी वाचवायला घालावेत, नसा वाचतील या भरवशावर नाही.

आवाजाचे गणितही असेच. कारखाना नियमांत 90 डेसिबलला आठ तास, 100 ला दोन तास, 110 ला अर्धा तास; ब्रेकर सहज शंभरीपार जातो. बार्जच्या पोटात तोच आवाज पोलादी भिंतींवर आदळून परत येतो. तिथे नुसते इअरप्लग पुरत नाहीत, वर इअरमफही चढवावे लागतात, आणि मग बाहेरच्याची हाक ऐकू येत नाही म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवाव्या लागतात. बंद टाकीत गंजाने हवेतला ऑक्सिजन खाल्लेला असू शकतो. आत उतरण्याआधी तो मोजावा, पंख्याने हवा खेळती ठेवावी आणि तोंडाशी एक माणूस बसवावा. जुन्या रंगाखाली शिशाचा केशरी प्राइमर असू शकतो. हा देवळातल्या मूर्तीला लावतात तोच शेंदूर. त्याची धूळ पोटात गेली की शिसे अंगात साठते, म्हणून हात न धुता बिडी ओढणे किंवा पाव खाणे ही शिसे पोटात जाण्याची एक वाट आहे.

धुळीत सगळे दगड सारखे नसतात. जांभा आणि बेसॉल्ट यांत मोकळे क्वार्ट्झ (गारगोटीतला सिलिका) सहसा कमी. काणकोणचा ग्रॅनाइट, खाणपट्ट्यातला पट्टेदार लोह-क्वार्ट्झाइट आणि वाळूचे काँक्रीट यांत भरपूर. ही बारीक धूळ डोळ्यांना दिसतही नाही आणि सिलिकोसिस हा फुप्फुसे कडक करणारा आजार घडवते, ज्यावर उपचार आहेत पण बरा करणारा उपाय नाही. पाणी हाच मोठा इलाज : पोकळ सळईतून भोकात सोडलेले पाणी किंवा छिन्नीच्या टोकाशी धरलेला फवारा. तोंडाला बांधलेला रुमाल यात मोजू नये.

पावसाळ्यात दमट हवा दाबली की कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते. ते रोज सोडले नाही तर टाकी आतून गंजते आणि हातोड्याचे वंगण धुऊन जाते. दाबाच्या टाकीची वेळोवेळी तपासणी 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 31 च्या कक्षेत येत असे.

गोव्यात कारखान्यांवर देखरेख कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाची, खाणींवर केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची. कारखान्यांचा 1948 चा, खाणींचा 1952 चा आणि बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. 1948 च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतच सिलिकोसिस आणि आवाजाने आलेला बहिरेपणा हे कळवण्याचे आजार म्हणून नोंदलेले होते आणि ते कळवण्याची जबाबदारी डॉक्टरवरही होती. अडचण दुसरीकडे आहे. गोव्यात ब्रेकर धरणारा बहुधा कर्नाटक, ओडिशा किंवा झारखंडचा असतो, सूचनाफलक मात्र इंग्रजीत टांगलेला असतो. सिलिकोसिस बहुधा दहा-पंधरा वर्षांनी उघड होतो. तोवर तो कामगार गावी परतलेला असतो, आणि तिथला डॉक्टर खोकला किती दिवसांचा हे विचारतो, दगड कुठला फोडत होतास हे विचारत नाही.